राखाडी विनाइलचा ऑक्टोबर

नवरात्र सरत आलं की आमच्या बाळकुमच्या सोसायटीतल्या गाड्या तापायला लागतात. चार महिने ओल धरून बसलेलं पार्किंग दोन-तीन दिवसांत कोरडं खडखडीत होतं. दुपारी गाडीचं दार उघडलं की आतून एक भपका येतो. तापलेलं रेक्झिन, तापलेलं प्लॅस्टिक, सीटखाली कधीतरी सांडलेली बडीशेप. आणि या सगळ्याच्या मागून एक हलका, गोडसर, डोकं धरणारा वास, विनाइलच्या पाठीला असतो त्या चिकट गोंदाचा. तो वास खरं तर आता यायला नको. ते विनाइल मीच लावलेलं आणि मीच काढलं, त्यालाही आता तीन वर्षं झाली. तरी दर ऑक्टोबरला पहिल्यांदा दार उघडताना मी जरा थांबते. यंदाही थांबले. वॉचमनने विचारलं, "मॅडम, काय विसरलं का?" मी नाही म्हटलं आणि आत बसले.

गाडी पप्पांची. ठाण्याच्या एका कारखान्यात ते एकतीस वर्षं ड्रायव्हर होते आणि त्यातली बहुतेक वर्षं तिथल्या मोठ्या मॅडमची गाडी त्यांच्याकडे होती. शेवटची जी गाडी त्यांनी चालवली तीच कंपनीने निवृत्तीला त्यांना देऊन टाकली. कल्याणला आमच्या चाळीसमोर त्यांनी ती आणून उभी केली तेव्हा अख्खी चाळ गॅलरीत आलेली. पप्पा मात्र गाडीतून उतरल्यावर सवयीने मागचं दार उघडायला गेले. मागे कोणी नव्हतं. लोक हसले, तेही हसले.

आई मी आठ वर्षांची असताना गेली. मग घरात आम्ही दोघंच. पुढे माझं लग्न झालं, ते चार वर्षं टिकलं, आणि मी परत आले तेव्हा पप्पांनी एका शब्दाने काही विचारलं नाही. गाडी घेऊन सामान आणायला आले, टेप लावला आणि कल्याणपर्यंत तो बंद केला नाही. नंतर घोडबंदर रोडवरच्या ऑफिसला जवळ पडावं म्हणून मी बाळकुमला फ्लॅट घेतला. पप्पा माझ्याबरोबर आले. गाडीही आली.

विसरणं सुरू झालं ते रस्त्यांपासून. ज्या माणसाला ठाण्यापासून बदलापूरपर्यंतचे सगळे खड्डे पाठ होते, तो एका रविवारी शीळफाट्याला भर चौकात गाडी थांबवून म्हणाला, "कल्याण कुठल्या बाजूला गं?" मागे ट्रकचे हॉर्न. मला आधी वाटलं, थट्टा करतायत. मग त्यांचे हात पाहिले. स्टिअरिंग इतकं घट्ट धरलेलं की बोटं पांढरी पडलेली. मी उतरून त्यांच्या बाजूला गेले, ते सरकून शेजारच्या सीटवर बसले. घरी आल्यावर मी चावी माझ्या पर्समध्ये टाकली. ते बघत होते. त्यांनी भांडायला हवं होतं.

त्यानंतर वर्षभरात पुष्कळ काही गेलं. शेजाऱ्यांची नावं, आठवड्याचे वार, आंघोळ झाली की नाही ते. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि समजावून सांगितलं की हे हळूहळू वाढत जाणार. मी घरून काम करायची परवानगी काढली. सकाळी एक बाई यायच्या, दुपारनंतर आम्ही दोघं. बोलायला माणूस समोर असतो आणि बोलता येत नाही, तो एकटेपणा मला तोवर ठाऊक नव्हता. लग्न मोडलं तेव्हाचाही त्याच्यापुढे काहीच नव्हता. तेव्हा निदान भिंती तरी मुक्याच होत्या. इथे ते माझ्याकडे बघून हसायचे आणि विचारायचे, "तुम्ही कुठे राहता?"

जेवणाच्या सुट्टीत मी मोबाइलवर व्हिडिओ बघायचे. काय बघतेय याला काही अर्थ नसायचा. त्यातच ते एकदा समोर आलं. कुणाचे तरी फक्त दोन हात. गाडीच्या आतल्या एका ओरखडलेल्या पट्टीवर ते कागदासारखं पातळ, चिकट विनाइल अंथरतात, ड्रायरची हवा देतात, कार्डाने सुरकुती बाहेर लोटतात, आणि पट्टी नवी कोरी होते. कोणी बोलत नाही. मी ते एकापाठोपाठ एक वीसेक तरी पाहिले. आमच्या घरात रोज काहीतरी उसवत होतं, आणि इथे एक गोष्ट हाताने नीट होत होती.

आणखी एक कारण होतं, तेही सांगते. विजयादशमीला आम्ही दरवर्षी कल्याणच्या विहारात जातो. चाळीतली सगळी जुनी माणसं तिथे भेटतात. आदल्या वर्षी तिथे कोणीतरी हळूच म्हणालेलं, पप्पांचं आता काही खरं नाही, पोरगी तरी एकटी किती करणार. मला त्या लोकांना दाखवायचं होतं. पांढऱ्याशुभ्र कपड्यातले पप्पा, चकचकीत गाडीतून उतरणारे. सगळं छान चाललंय, हे त्यांनी बघावं एवढंच.

कल्याण-शीळ रस्त्यावर गाड्यांच्या सामानाचं दुकान आहे, तिथून विनाइल आणलं. दुकानदाराने आधी मला नेहमीसारखं गिऱ्हाईक समजून सीटकव्हर दाखवली. मी स्वतः पॅनल रॅप करणार, म्हणजे पट्ट्यांवर विनाइल चढवणार, म्हटल्यावर त्याने दोन्ही हात वर केले.

"मॅडम, घरी नका करू. एकदा बबल धरले ना, पुरी वाट लागते."

"करते. नाही जमलं तर तुमच्याकडे आणते."

"एअरबॅग आहे तिथल्या पॅनलला हात लावू नका हां. बाकी तुमची मर्जी."

लाकडासारखं होतं, काळं चमकणारं होतं, मी राखाडी घेतलं, घासलेल्या स्टीलसारख्या बारीक रेघांचं. गुंडाळी मागच्या सीटवर ठेवून घरी आले तेव्हा खूप दिवसांनी मला उद्याची वाट बघावीशी वाटली.

दुसऱ्या दिवसापासून पार्किंगमध्ये रोज दुपारी दोन ते चार. पप्पांची प्लॅस्टिकची खुर्ची खांबाच्या सावलीत. त्यांच्या शेजारी म्हात्रे काका. आमचे टॉवर ज्या जमिनीवर उभे आहेत तिथे त्यांच्या घरची भातशेती होती. आता ते अठराव्या मजल्यावर राहतात आणि वर जीव घुसमटतो म्हणून दिवसभर खाली बसतात. मी डॅशबोर्डची पट्टी सोडवायला लागले तसे ते म्हणाले, "काय गो पोरी, गारीला नवीन कापरं घालतंस काय?"

"हो काका. दसऱ्याला नवे कपडे."

पट्टी काढणं सगळ्यात अवघड. आतल्या खिट्ट्या 'कट्' करून सुटतात तेव्हा काहीतरी मोडल्यासारखाच आवाज येतो, आणि कधी कधी खरंच मोडलेलं असतं. मी फटीत प्लॅस्टिकचं चपटं पातं घालून एकेक सोडवायचे. निघालेले स्क्रू पप्पांच्या तळहातावर ठेवायचे. ते मूठ मिटून बसायचे. तासभर, हलायचे नाहीत. परत मागितले की मूठ उघडून नेमका हवा तो स्क्रू बोटाने पुढे सरकवायचे. "हा दाराचा. लांबडा आहे." शेजारी बसलेल्या म्हात्रे काकांचं नाव त्यांना रोज सांगावं लागायचं, स्क्रू मात्र एकही चुकला नाही.

पहिली पट्टी वाया गेली. ड्रायर जास्त जवळ धरला, विनाइल ताणलं गेलं, कोपऱ्यावर पांढरं पडलं. दुसऱ्या वेळी समजलं की त्याला ओढायचं नसतं. ऊब द्यायची, मऊ होऊ द्यायचं, आणि मग ते आपणहून वळणावर बसतं. मधून सुरुवात करून कडेला जायचं. कडेला दोन बोटं जास्त ठेवून मागे दुमडायचं. वळसा अवघड असेल तिथे बाकीचं सगळं आवरून शेवटी यायचं. हाताला ते उमगत गेलं तसा मला त्याचा नाद लागला. ऑफिसच्या मीटिंगमध्येही मी एसीच्या झरोक्याभोवतीच्या गोल कडेचा विचार करत बसायचे.

विनाइल लावायच्या आधी प्लॅस्टिक स्पिरिटने पुसून काढायचं असतं. पुसताना मी पहिल्यांदाच त्या पट्ट्या नीट पाहिल्या. ड्रायव्हरच्या दारावर, काच खाली करायच्या बटणाशेजारी, अंगठ्याएवढी जागा झिजून पांढरट झालेली. गिअरच्या मागच्या पॅनलला एक तडा, पप्पांनी गोंद भरून बुजवलेला, वर गोंदाचा वाळलेला थेंब तसाच. आणि गिअरच्या डाव्या अंगाला चार बोटं लांब खोल ओरखडा. तिथे त्यांचा स्टीलचा डबा असायचा, गाडी वळली की त्याची कडी तिथे घासायची. वर्षानुवर्षांचा ओरखडा. विनाइलखाली तो दिसला असता, म्हणून मी त्यात लांबी, म्हणजे पुट्टी, भरली आणि बारीक पॉलिश पेपरने घासून जागा सपाट केली. बोट फिरवून पाहिलं. काही लागलं नाही. मी स्वतःवर खूश होते.

विजयादशमीच्या आदल्या संध्याकाळी शेवटचं पॅनल बसवलं. डॅशबोर्डवरची बुद्धाची छोटी मूर्ती पुसून परत जागेवर ठेवली. आत बसून पाहिलं, तर कुणा दुसऱ्याच्याच गाडीत बसल्यासारखं वाटलं, इतकं छान झालेलं. तेव्हा मला त्याचं कौतुकच वाटलं.

सकाळी सगळ्या पार्किंगमध्ये झेंडूच्या माळा, लिंबं, नारळ. आम्ही पांढरे कपडे घालून खाली आलो. पप्पांची दाढी मी स्वतः केलेली. त्यांनी गाडीला बाहेरून एक फेरी मारली, बॉनेटवर हात फिरवला. मी दार उघडलं. ते वाकले, आत पाहिलं, आणि सरळ उभे राहिले.

"ही नाही."

"पप्पा, आपलीच आहे. बसा ना."

"ही आपली नाही. आपली कुठे नेली?"

"हीच आहे. आतून नवीन केली मी. तुम्ही होतात की बरोबर. स्क्रू नाही का धरलेत तुम्ही?"

त्यांनी परत वाकून पाहिलं. दाराच्या पट्टीवर अंगठा ठेवला, उचलला, परत ठेवला. मग त्यांचा चेहरा जो बदलला तो मी कधी विसरणार नाही. घाबरलेले. नोकरीला लागल्याच्या पहिल्या दिवशी एखाद्याच्या हातून गाडी ठोकली जावी, तसे.

"मॅडमना काय सांगू मी? सकाळी इथेच लावलेली. वॉचमन! ओ वॉचमन! गाडी कोणी नेली?"

लोक वळून बघायला लागले. मी त्यांचा हात धरला तर त्यांनी झटकला. "तुम्ही कोण? सोडा." मग ते खांबाला टेकून खाली बसले, पांढऱ्या पॅन्टला ग्रीस लागलं, आणि रडायला लागले. आवाज न करता. म्हात्रे काका सावकाश आले आणि त्यांच्या शेजारी जमिनीवर मांडी घालून बसले.

आम्ही विहारात गेलो नाही. चाळीतल्या शांतामावशीचा फोन आला, "निघालात का गं? जागा धरून ठेवलीय." मी म्हटलं, पप्पांना जरा ताप आहे. फोन ठेवल्यावर स्वयंपाकघरात उभी राहून मी स्वतःलाच म्हटलं, त्या माणसाकडे या जगात ओळखीची अशी एकच जागा उरलेली होती. ती तू राखाडी करून टाकलीस. आणि कुणासाठी? वर्षातून एकदा भेटणाऱ्या चार माणसांसाठी.

संध्याकाळी खाली गेले तर म्हात्रे काका तिथेच. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "माझे शेतावर आता ह्यो टावर हाय. मना बी कधी कधी वाटतं, आपून कुठं आलो? मी तरी कोनाला इचारू शकतो." मग म्हणाले, "त्याला त्याची जुनीच दे गो."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पुन्हा ड्रायर घेऊन बसले. विनाइल काढायला लावण्यापेक्षा कमी वेळ लागतो. कोपरा गरम करायचा, नखाने उचलायचा, आणि तिरकं धरून हळू हळू ओढत जायचं. उलगडताना ते एक बारीक, लांबट आवाज करतं. खालून अंगठ्याची पांढरी जागा आली. गोंदाचा थेंब आला. चिकट राहिलेलं स्पिरिटने पुसलं. सगळं जसंच्या तसं परत आलं, फक्त डब्याचा ओरखडा सोडून. तो मी कायमचा भरून टाकलेला. सुईने कोरून लांबी काढायचाही प्रयत्न केला. तेवढं एक परत आलं नाही.

तिसऱ्या दिवशी पप्पांना खाली आणलं. काही न सांगता दार उघडून बाजूला झाले. ते आत बसले. अंगठा त्याच्या जागी गेला. दुसरा हात गिअरवरून डावीकडे उतरला आणि तिथल्या गुळगुळीत प्लॅस्टिकवर कितीतरी वेळ काहीतरी शोधत राहिला. मग त्यांनी शोधणं सोडून दिलं आणि स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवले. "या," ते म्हणाले. समोरच्या भिंतीकडे बघत.

तिथून दिवाळीपर्यंतचे ते पंधरा-सोळा दिवस. माझ्या सगळ्या आयुष्यातला तो एक ऋतू मी वेगळा काढून ठेवलाय. रोज दुपारी पप्पा ड्रायव्हरच्या सीटवर बसायचे, आणि मी मागच्या सीटवर लॅपटॉप मांडीवर घेऊन काम करायचे. चावी माझ्याकडे. चारही काचा खाली. घोडबंदर रोडवरून ट्रॅफिकची अखंड घरघर यायची, खाडीकडून मधूनच वाऱ्याची झुळूक. ते गिअरला हात लावायचे, आरसा पुसायचे, कधी डुलकी घ्यायचे. आम्ही एका जागी उभे होतो, तरी मला रोज वाटायचं, पप्पा मला कुठेतरी घेऊन चाललेत. सहकारी विचारायचे, मागे गाडीची सीट कशी दिसते? मी सांगायचे, प्रवासात आहे.

दिवाळीला चार दिवस राहिलेले. साडेतीन वाजले असतील. माझा कॉल चालू होता. पप्पांनी मधला आरसा हलवला, नीट केला, आणि त्यातून माझ्याकडे पाहिलं. घसा खाकरला.

"मॅडम."

मी मान वर केली. आरशात फक्त त्यांचे डोळे दिसत होते. इतके अदबीचे डोळे मी घरात कधी पाहिले नव्हते.

"एक विचारायचं होतं, मॅडम. आज जरा लवकर सोडाल का?"

मी हेडफोन काढला. ते पुढे बोलत राहिले, शब्द आधी जुळवून ठेवल्यासारखे.

"मुलगी घरी एकटी असते. तिची आई नाही. शेजारीण म्हणते आमच्याकडे थांब, तर ती थांबत नाही. कुलूप उघडून दारात बसून राहते मी येईपर्यंत. जेवत पण नाही."

"तुम्हाला सांगितलं तिने?" मी पुढे वाकून विचारलं.

"छे. ती कसली सांगतेय. जिन्यात माझा पाय वाजला की आत पळते आणि पुस्तक उघडून बसते." ते जरा हसले. "पण दारात चपला काढतो ना मी, तर फरशी गरम लागते पायाला. तिथेच बसलेली असते."

पस्तीस वर्षं झाली असतील त्याला. मी हे कुणालाही सांगितलेलं नव्हतं. त्यांना कळू नये म्हणूनच तर पळायचे. ते दमून यायचे आणि काही न बोलता स्टोव्ह पेटवायचे, आणि मला वाटायचं, यांच्या लक्षातही येत नाही.

"जा तुम्ही," मी म्हटलं. "आत्ताच निघा."

"गाडी धुवायची राहिलीय."

"राहू दे. उद्या बघू. ती वाट बघत असेल."

"थँक्यू, मॅडम."

ते उतरले. दार आवाज न करता लावलं. शर्ट खाली ओढून नीट केला आणि गेटकडे चालायला लागले, भराभर, गेल्या दोन वर्षांत चालले नव्हते तसे. मी लॅपटॉप सीटवर तसाच टाकून त्यांच्यामागे गेले, दहा पावलं अंतर ठेवून. गेटपाशी आल्यावर ते थबकले. समोर रस्ता, मेट्रोच्या कामाचे पत्रे, बसच्या मागे बस. त्यांनी उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं. खांदे हळूहळू उतरत गेले.

मी वळसा घालून त्यांच्या पुढ्यात जाऊन उभी राहिले.

"पप्पा."

त्यांनी बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. माझे केस पांढरे व्हायला लागलेत, चष्मा आहे. तरी काहीतरी जुळलं असावं.

"लवकर आलो बघ आज," ते म्हणाले.

"हो पप्पा."

"जेवलीस?"

दुपारी एक वाजता आम्ही दोघं पोटभर जेवलेलो. डाळ-भात, मेथीची भाजी.

"नाही," मी म्हटलं. "तुमच्यासाठी थांबलेले."

"चल मग."

वर येऊन मी कुकर लावला. चार वाजता आम्ही दोघं समोरासमोर बसून पुन्हा जेवलो.